ओव्हाळांची कॅमेरा केस

धम्मरत्न ओव्हाळच्या हातून बायकोचा कॅमेरा पडला तो एका रविवारी सकाळी, आणि तोही सावधगिरीवर बोलत असताना. "कुठलीही वस्तू उचलताना आधी पकड तपासायची," असं तो आम्रपालीला समजावत होता. वाक्य पुरं व्हायच्या आत कॅमेरा निसटला, ओट्याच्या कडेवर आपटला आणि फरशीवरून सरकत गॅसच्या टाकीपर्यंत गेला.

कॅमेरा तळहाताएवढा, चंदेरी रंगाचा आणि वापरलेला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून आम्रपालीनं तो हट्टानं मागून घेतला होता. सांगवीच्या त्या दवाखान्यात ती रक्ताचे नमुने घ्यायची. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून झाल्यावर संध्याकाळी तिला दुसरं काहीतरी बघावंसं वाटे. मग ती मुळा नदीच्या काठचे बगळे, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, बसस्टॉपवर डुलक्या घेणारी माणसं यांचे फोटो काढी. "फोन आहे की," असं कुणी म्हटलं तर म्हणे, "फोननं बगळा धरायला जावं, तर मध्येच कुणाचातरी शुभ सकाळचा गुलाब उगवतो."

कॅमेरा चालू होता. फक्त एका कोपऱ्याला पोचा आला होता. आम्रपालीनं तो उचलला, एक फोटो काढून बघितला आणि म्हणाली, "राहू द्या."

एवढंच. भांडली असती तर धम्मरत्नला बरं वाटलं असतं. त्याऐवजी तिनं कपाटातून त्याचाच एक जुना राखाडी पायमोजा काढला, कॅमेरा त्यात सरकवला आणि वर गाठ मारली. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा पायमोज्यातून दवाखान्यात जाऊ लागला.

चाकणच्या ज्या कंपनीत धम्मरत्न कामाला होता, तिथं ब्रेकचे भाग बनत. तयार माल शेवटचा त्याच्या टेबलावर येई. मोजमापात केसभर फरक दिसला, कुठं बारीकसा पोचा दिसला, की तो भाग लाल पेटीत जाई. बावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या हातून झालेले पोचे पकडत आला होता. आता रोज सकाळी चहा पिताना त्याच्या समोरून त्यानं स्वतः केलेला पोचा पायमोज्यात बसून कामाला जाई.

चौथ्या दिवशी त्यानं ठरवलं, या कॅमेऱ्याला चांगली चामड्याची केस आणायची. 'चुकलं माझं' असं तोंडानं म्हणण्यापेक्षा हे सोपं जाईल असा त्याचा अंदाज होता.

पिंपरी कॅम्पातली सगळी दुकानं त्यानं दोन संध्याकाळी पालथी घातली. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "कॅमेरा? अजून असतो?" दुसऱ्यानं चष्म्याचं घर दाखवलं. तिसऱ्यानं दाढीच्या सामानाची पिशवी पुढे केली आणि "आत काय ठेवायचं ते तुमच्या हातात आहे," असं तत्त्वज्ञान ऐकवलं. चौथ्याकडं खरोखर कॅमेऱ्याची केस निघाली, पण ती एवढी मोठी होती, की आम्रपालीच्या कॅमेऱ्याला आत सोबत लागली असती.

मग धम्मरत्ननं काम आपल्या पद्धतीनं करायचं ठरवलं. आम्रपाली आंघोळीला गेली, की तो पायमोज्याची गाठ सोडी, स्वतःच्या व्हर्नियरनं कॅमेरा मोजी, आकडे लिही आणि गाठ पुन्हा तशीच मारी. लांबी, उंची, लेन्ससकट जाडी, बटणाचा उंचवटा, सगळं तीन-तीनदा. मग फोनवर शोधलेल्या अकरा केसेसचा त्यानं तक्ता केला. चामडं अस्सल की रेक्झिन, आतलं कापड मऊ की नुसतंच रंगीत, झाकणाला बटण की लोहचुंबक, असे रकाने आखले. लोकांचे अभिप्रायही वाचले. त्यातही 'बायकोला आवडली' असं ज्यांनी लिहिलं होतं, तेवढेच हिशेबात धरले.

शेजारच्या टेबलावरचा विलास म्हणाला, "दादा, लग्न जमवताना एवढं बघितलं होतं का राव?"

"तेव्हा माझ्या हातून काही पडलं नव्हतं," धम्मरत्न म्हणाला.

शेवटी एक तपकिरी, बटणाची केस पक्की झाली. येत्या रविवारी विहारातल्या बायकांची सहल अजिंठ्याला जायची होती. त्याआधी केस यायला हवी होती. घरी आलेलं प्रत्येक पार्सल आम्रपालीच उघडायची, म्हणून त्यानं पत्ता कंपनीचा दिला. इथवर त्यानं सगळं नीट मोजलं होतं. कंपनीचं गेट तेवढं मोजायचं राहिलं.

गेटवरचा नियम असा, की कंपनीत कॅमेरा नेता येत नाही. आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा गोल चिकटपट्टी लावतात. आणि गेटवर आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत होते. आत आली, की ती आली. बाहेर जाताना तिचा पास बनतो आणि त्या नोंदीपुढं 'बाहेर' असा शिक्का पडतो. ज्या नोंदीपुढं शिक्का नाही, ती वस्तू आत आहे असं समजतात.

शुक्रवारी सकाळी अकराला पार्सल आलं. गेटवर सयाजी होता, जवळच्याच गावचा. म्हशी सांभाळून नोकरी करणारा सरळ माणूस. त्यानं पार्सलवरचं इंग्रजी लावून लावून वाचलं आणि वहीत नोंद करायला घेतली. 'वस्तू' हा रकाना अरुंद होता. त्यात 'कॅमेरा' एवढंच बसलं. उरलेला 'केस' हा शब्द सयाजीनं पुढच्या मोकळ्या रकान्यात लिहिला. त्या रकान्याचं नाव होतं 'शेरा'.

तीन वाजता सयाजीची पाळी संपली आणि सुरक्षा अधिकारी रणजीत जाधव गेटवर आले. ते नव्यानंच रुजू झाले होते आणि आल्या आल्या वही वाचत. त्यांनी वाचलं: वस्तू – कॅमेरा. कोणाची – धम्मरत्न ओव्हाळ. शेरा – केस.

साडेतीनला पहिली पाळी सुटली. धम्मरत्न लगबगीनं गेटवर आला.

"साहेब, माझी केस इथं आलीय."

"आलीय ना," जाधव शांतपणे म्हणाले. "मी तीच वाचतोय. जरा बाजूला या."

"बस सुटेल, साहेब."

"कॅमेऱ्यावर केस आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"अजून नाहीये. आज घरी जाऊन घालणार होतो."

"तुम्ही केस घालणार? कुणावर?"

"कॅमेऱ्यावर."

जाधवांनी वीस वर्षं फौजेत काढली होती. पण इतक्या थंड डोक्याचा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी दोन साक्षीदार उभे केले आणि पार्सल फोडलं. आतून सुंदर तपकिरी चामड्याची केस निघाली. त्यांनी बटण उघडून आत बोट घातलं.

"रिकामी आहे."

"रिकामीच असते साहेब."

"कॅमेरा कुठंय?"

"घरी."

"नोंद आहे की कॅमेरा आत आलाय. 'बाहेर'चा शिक्का नाही. म्हणजे तो आतच आहे. हे कव्हर इथं ठेवून तुम्ही कॅमेरा आत नेलात."

"साहेब, ही कॅमेरा केस आहे."

"तेच म्हणतोय मी. ही कॅमेरा केस आहे आणि ती साधी नाही."

यानंतर धम्मरत्नच्या कपाटाची झडती झाली. डबा, नॅपकिन आणि एक घडी केलेला तक्ता सापडला. तक्त्यात कॅमेऱ्याची मापं मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहिलेली होती, आणि मागच्या बाजूला कंपनीच्या तपासणी अहवालाचा कोरा नमुना छापलेला होता. जाधवांनी कागद दोन बोटांत धरून मनुष्यबळ खात्याच्या मोनिका मॅडमकडं नेला. मॅडमनी धम्मरत्नला पाण्याचा ग्लास दिला आणि हळुवार आवाजात विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे," धम्मरत्न म्हणाला, "पण ती काही बोलत नाही."

मॅडमनी हे लिहून घेतलं.

एव्हाना गेटबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये बातमी पोचली होती. ओव्हाळदादांवर कॅमेऱ्याची केस झाली. विलासला केस म्हणजे काय ते माहीत होतं, पण बसमधल्या चाळीस माणसांपुढं त्याचाही धीर सुटला. न जाणो, दुसरीच एखादी केस असायची. त्यानं चांगल्या मनानं आम्रपालीला फोन लावला.

"वहिनी, घाबरू नका. दादांना कॅमेऱ्याच्या केसमध्ये थांबवून ठेवलंय."

"कुठला कॅमेरा?"

"तुमचाच असेल. तो आत सापडत नाहीये म्हणतात."

आम्रपालीनं पर्स उघडली. कॅमेरा पायमोज्यात होता. ती दवाखान्याच्या ॲप्रनवरच स्कूटरवर बसली. नाशिक फाटा, भोसरी, मोशी. शुक्रवारची ट्रेलरची गर्दी कापत ती सव्वा तासानं कंपनीच्या गेटवर उतरली तेव्हा चेहऱ्यावर धूळ होती आणि आवाज अगदी सुईच्या टोकासारखा होता.

"माझे मिस्टर कुठं आहेत?"

लोखंडी दांड्याच्या आतल्या बाजूला धम्मरत्न खुर्चीवर बसला होता. तिला बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

"हा घ्या कॅमेरा," आम्रपाली जाधवांना म्हणाली आणि पायमोज्याची गाठ सोडली. "सकाळपासून माझ्याजवळ आहे. आता सोडा यांना."

जाधवांनी कॅमेरा बघितला. वही बघितली. आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "म्हणजे," ते म्हणाले, "कॅमेरा पास न बनवता बाहेर गेला. माझ्या गेटमधून."

आपण बायकोपेक्षा जाधवांची जास्त काळजी करतोय, असं धम्मरत्नच्या लक्षात आलं.

आम्रपालीनं वही मागितली. रक्ताच्या बाटल्यांवरची नावं वाचायची तिला सवय होती. कुणाचं नाव कुठल्या रकान्यात घसरतं हे ती रोज बघायची. तिनं ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

सयाजीला फोन गेला. तो धार काढायच्या बेतात होता, तसाच मोटारसायकलवर आला.

"मी काय चुकीचं न्हाई लिवलं," तो म्हणाला. "पार्सलवर कॅमेरा केस हाय, मी बी कॅमेरा केस लिवलंय. रकाना येवढासा हाय, त्याला मी काय करू? अर्धं हिकडं, अर्धं तिकडं. बाजूबाजूलाच हाय की."

तोवर गेटवर आलेल्या मोनिका मॅडमनी दोन्ही रकाने एकत्र वाचले, मग धम्मरत्नचा जबाब पुन्हा वाचला आणि लगेच फाइल मिटली. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. फक्त जाधव वहीकडंच बघत होते.

"खाडाखोड करता येत नाही," ते म्हणाले. "तपासणीला पुण्याहून माणूस येतो. वहीत कॅमेरा आत आलाय, तर कॅमेराच बाहेर जायला पाहिजे."

"कॅमेरा बाहेरच आहे," आम्रपाली म्हणाली.

"म्हणूनच अडचण आहे, ताई. तो आधी आत यायला हवा."

"मग घ्या आत."

"आत घेतला तर नवी नोंद होईल. दोन कॅमेरे आत आणि एक बाहेर."

सयाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब," तो म्हणाला, "ताई भाईरच ऱ्हाऊ द्या. दांड्यावरनं नुसता हात आत घाला म्हनावं. हाताची नोंद कुठं अस्ती?"

जाधवांनी नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं. त्यात हाताविषयी काही नव्हतं.

आम्रपाली दांड्यापाशी गेली. बाहेर उभं राहून तिनं कॅमेरा धरलेला हात आत केला. आतून धम्मरत्ननं केस उघडून धरली. कॅमेरा आत सरकला. अडकला नाही, हलला नाही. बटणाचा उंचवटा बरोबर त्याच्या खाचेत बसला. धम्मरत्ननं झाकण लावलं. बटण टपकन लागलं आणि गेटवरच्या पाचही माणसांनी एकदम श्वास सोडला.

आम्रपालीनं नवऱ्याकडं बघितलं. "मोजलं कधी?"

"तू आंघोळीला गेलीस की."

"म्हणजे गाठ रोज वेगळी दिसायची ती..."

"तशीच मारायचो मी."

"तुम्ही उलटी मारता," ती म्हणाली.

जाधवांनी पास लिहिला: कॅमेरा एक, केससह. शिक्का मारला. वही जुळली.

परतताना स्कूटर आम्रपाली चालवत होती. मोशीच्या पुढं एका टपरीवर तिनं गाडी थांबवली. दोन कटिंग आले. धम्मरत्ननं कपाकडं बघत सांगून टाकलं, "ते... चुकलं माझं. कॅमेरा पडला ते."

"मला माहितीय."

"मग बोलायचं तरी."

"काय बोलणार? तुम्ही रोज सकाळी त्या कॅमेऱ्याकडं असं बघायचात, की मलाच कसंतरी व्हायचं." तिनं चहा संपवला. "आज एक वाटलं पण. लग्न झाल्यापासून तुम्ही रोज त्या गेटातून आत जाता. आज पहिल्यांदा मी तिथं गेले, तर दांड्यापलीकडं नुसतं निळं छप्पर दिसलं. तुम्ही दिवसभर नेमकं कुठं असता, ते मला माहीतच नाही."

धम्मरत्ननं कपातला उरलेला चहा संपवला. कुठं असतो, हे सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

अजिंठ्याची सहल नीट झाली. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मोनिका मॅडमनी धम्मरत्नला केबिनमध्ये बोलावलं. तो पाणी न पिताच आत गेला.

"धोंडीबा मामा निवृत्त होतायत," मॅडम म्हणाल्या. "फोटो काढायला कुणी नाही. आपल्या फोनना चिकटपट्ट्या. बाहेरच्या फोटोग्राफरचा कॅमेरा आणायचा तर मुख्य कचेरीची परवानगी लागते, त्याला महिना जातो. पण जाधवसाहेब म्हणाले, एक कॅमेरा असा आहे, जो आपल्या वहीत रीतसर आत येऊन रीतसर बाहेर गेलाय. एकदा आलेल्या वस्तूला इथल्या इथं, आपल्याच सहीवर पुन्हा येता येतं." त्या जरा थांबल्या. "वहिनींना विचाराल?"

अशी आम्रपाली कंपनीत आली. जाधवांनी स्वतः नोंद केली, या वेळी दोन ओळी वापरून. आत जाण्याआधी तिला पिवळं हेल्मेट आणि सुरक्षेचे बूट दिले. लहान मापाचे बूट शिल्लक नव्हते. आठ नंबरचे बूट ओढत, नाकावर घसरणारं हेल्मेट एका हातानं सावरत ती भल्यामोठ्या शेडमध्ये शिरली. हार घातलेले धोंडीबा मामा तिला बघून सावधान उभे राहिले. "मामा, श्वास घ्या," ती म्हणाली, "सुई नाही टोचत मी." मग तिनं कारखान्याच्या मोठ्या साहेबांना खिशातून हात काढायला लावले, ते त्यांनी निमूटपणे काढले. त्या दोन तासांत तिनं मामांचे फोटो काढलेच, पण मशीनवरच्या माणसांचेही काढले. हात जास्त काढले. तेलकट, भाजल्याच्या खुणा असलेले, नखं तुटलेले हात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर दोघं फोटो बघत बसले. एका फोटोत मामांच्या मागं, लांब, धम्मरत्नचं टेबल दिसत होतं. आम्रपालीनं तो भाग मोठा केला. टेबलामागं धम्मरत्न उभा होता, शेजारी विलास. आणि धम्मरत्न हसत होता. नुसता हसत नव्हता. तोंड उघडं, डोळे मिटायला आलेले, एक हात टेबलावर टेकलेला.

"हे कोण?" आम्रपालीनं विचारलं.

"मी."

"ते कळलं. एवढं काय झालं होतं?"

"विलास काहीतरी बोलला असेल."

"काय?"

"आता कुठं आठवतंय! पुसून टाक तो. दात दिसतायत सगळे."

तिनं पुसला नाही. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "घरी नाही हसलात कधी असं." तक्रार नव्हती. दवाखान्यात एखाद्याचा अहवाल वाचावा तसं तिनं म्हटलं, कॅमेरा बंद केला आणि भांडी घासायला उठली. धम्मरत्न तिथंच बसून राहिला. खरं काय ते त्याला चांगलं आठवत होतं. फक्त ते तोंडातून निघेना.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत विलास डबा घेऊन त्याच्याजवळ सरकला.

"दादा, सकाळी वहिनींचा फोन होता."

धम्मरत्नचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"विचारत होत्या, त्या दिवशी मी तुम्हाला नेमकं काय सांगितलं. म्हणाल्या, 'तो विनोद मला सांगा भाऊजी, मी घरी सांगून बघते.'"

"मग? काय सांगितलंस?"

"खोटं कशाला बोलू राव? सांगितलं, वहिनी, मी काहीच बोललो नव्हतो. तुम्ही मोठ्या साहेबांना खिशातून हात काढायला लावत होता ना, हेल्मेट नाकावर आलेलं, ते ढगळे बूट, दादा तुमच्याकडं बघून हसत होते. उलट मीच त्यांना म्हणत होतो, हळू हसा, साहेब बघतायत."

"यावर काय म्हणाली ती?"

"काही नाही. फोन ठेवला."

त्या दिवशी कंपनीची बस सांगवीला वेळेवर पोचली. थांब्यापासून घर पाच मिनिटांवर, पण धम्मरत्नला पंधरा मिनिटं लागली. वाटेत त्यानं उगाचच भाजीच्या गाड्यापाशी थांबून वांग्यांचा भाव विचारला, नको असलेली कोथिंबीर घेतली. जिना चढताना तो काय बोलायचं ते जुळवत होता आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

आम्रपालीनं दार उघडलं. कोथिंबिरीच्या जुडीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"चहा टाकते," असं म्हणून ती लगेच वळली. तोंड स्वयंपाकघराकडं होतं, पण दाबलेल्या हसण्यानं तिचे खांदे हलत होते, आणि पातेलं ओट्यावर ठेवेपर्यंत ते काही थांबले नाहीत.